जंगलाच्या पडद्यावर अकरा जण

चित्राला नावं ठेवायची असतील तर आधी ते फिरवून घ्यावं. आरशात पाहिल्यासारखं, डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये त्याचं बटन असतं आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं बटन तेच. स्वतःच्या चित्राची डोळ्याला सवय होऊन बसते. ते फिरवलं की कळतं, बाईचा एक डोळा कानाला भेटायला निघालाय आणि म्हैस सपाट जमिनीवरून घसरते आहे. मग बोलायला सोपं जातं.

साकोलीला आमचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, लग्न आणि निधन, या चार गोष्टींवर ते चालतं. पुष्कळदा चेहरा तोच असतो, फुलांचा रंग तेवढा बदलायचा. छपाईचं नवरा पाहतो, डिझाइनचं मी. दुपारी जेवणं झाल्यावर कोणी फिरकत नाही, त्या वेळात आम्ही तिघं चित्रं पाहतो: मी, एका शाळेतले ड्रॉइंगचे सर आणि माझी धाकटी जाऊ. जाऊ एकोडीच्या अलीकडच्या आमच्या गावी असते. दिराची धानाची शेती आहे, ती दोघं मिळून करतात. बाजाराच्या किंवा बँकेच्या निमित्ताने ती साकोलीला आली की पिशवीतून भाजी काढावी तसा मोबाइल काढते आणि म्हणते, "सांगा, काय बिघडलं ते."

तिघांची सॉफ्टवेअरं तीन आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटतं. माझं भाड्याचं आहे. त्यात सगळं आहे, पण इंटरनेट गेलं की ते मला माझ्याच दुकानात माझी ओळख विचारतं. सरांचं फुकटचं आहे. ते कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी हौसेनं बनवलंय म्हणे आणि त्यातले ब्रश खरोखर उत्तम आहेत. रंगावर रंग असा बसतो की ओला वाटावा. फक्त मराठी लिहायला घेतलं की जोडाक्षरं वेगवेगळी होऊन बसतात, भांडण झालेल्या भावांसारखी. आमच्या धंद्यात ते चालत नाही. उपाध्यक्षाचा 'क्ष' मोडला तर तो माणूस पैसे देत नाही. जाऊचं मोबाइलमधलं. ते बोटानं चालतं, शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसूनही चालतं, पण कागद मोठा घेतला की ते लेयर, म्हणजे एकावर एक ठेवायचे चित्राचे थर, कमी करत जातं. जास्त लेयर हवे असतील तर कागद लहान घ्या. आणि कापणीच्या दिवसांत तर ते तिचं बोटच ओळखत नाही. धान कापून कापून बोटाला भेगा पडतात, मोबाइलला वाटतं काडी लागली. मग ती करंगळीनं काढते.

चित्रांचं म्हणाल तर सरांच्या चित्रांत धुकं फार. पहाटेचं धुकं, नदीवरचं धुकं, एकदा तर भर बाजारात धुकं. बऱ्याच दुपारी पाहिल्यावर माझ्या लक्षात आलं की जिथं हात किंवा पाय काढायची वेळ येते तिथंच नेमकं धुकं उतरतं. मी तसं सांगितलं. सर म्हणाले, त्याला वातावरण म्हणतात. मी म्हटलं, वातावरणाला बोटं लपवायची काय गरज? ते आठवडाभर आले नाहीत. आले तेव्हा चित्रातली माणसं कमरेइतक्या गवतात उभी होती.

जाऊच्या चित्रांतल्या बाया सगळ्या पाठमोऱ्या. तिला चेहरे जमत नाहीत आणि ती ते लपवतही नाही. "तोंड कायले पाहिजे? काम तं पाठच करते," म्हणते. झाडं मात्र तिला जमतात. मोहाचं झाड आणि पळसाचं झाड लांबून कसं वेगळं ओळखू येतं ते तिच्या बोटाला ठाऊक आहे. मला ते जमत नाही. माझ्या हातून सगळी झाडं वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या झाडांसारखी येतात, शुभेच्छा देत असल्यासारखी.

हे सगळं दुपारच्या करमणुकीपुरतं होतं. त्यात मंडई आली.

मंडई म्हणजे आमच्याकडे भाजीबाजार नव्हे. दिवाळीनंतर इकडे गावोगावी एकेक दिवस मंडई भरते. दुकानं लागतात, पाळणे येतात, घरोघर पाहुणे येतात आणि रात्री नाटक होतं. माहेरचे लोक लेकीच्या गावची मंडई चुकवत नाहीत. आमच्या गावाचं स्वतःचं नाट्य मंडळ आहे. पुरुष गावातलेच काम करतात, नट्या बाहेरून येतात आणि स्टेज, दिवे, पडदे स्टेजवाल्याकडून भाड्यानं आणतात. त्या स्टेजवाल्याकडे महाल होता, गरिबाचं घर होतं, रस्ता होता. त्याचं जंगल मात्र फाटलं होतं. आदल्या वर्षी खलनायक जंगलातून पळताना मागच्या भोकातून चहावाला दिसला. म्हणून मंडळानं ठरवलं की जंगलाचा पडदा आपला स्वतःचा करून घ्यायचा, छापलेला. काम आमच्या दुकानाकडे आलं.

मी जंगल इंटरनेटवरून उचलणार होते. जाऊ म्हणाली, "मी काढतो." आमच्याकडे बायाही 'जातो, काढतो' बोलतात, बाहेरच्यांना गंमत वाटते. मी म्हटलं, काढ. तिनं आधी काढलं आणि मग मला दाखवलं, ही तिची पद्धत. चित्र चांगलं होतं. मधे मोकळी जागा, दोन्हीकडे सागाची आणि मोहाची गर्दी, मागे डोंगर, वरती उतरतीच्या उन्हाचं आकाश. मी ते फिरवून पाहिलं, काळंपांढरं करून पाहिलं, रस्त्याच्या पलीकडे जाऊन दुकानाच्या काचेतून पाहिलं. डावीकडचं झाड वाकलेलं होतं, ते तिला दाखवलं. बाकी नावं ठेवायला फारसं सापडलं नाही, आणि मी शोधायला कमी करत नाही.

अडचण वेगळीच निघाली. तिनं लेयर भरपूर मिळावेत म्हणून कागद अगदी लहान घेतला होता. मोबाइलवर सुरेख दिसणारं जंगल मी माझ्या कॉम्प्युटरवर पडद्याच्या मापाला ताणलं तर पानांच्या फरशा झाल्या. चौकोनी, एकावर एक रचलेल्या. सर म्हणाले, आधुनिक वाटतं. जाऊनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते चहा सांगायला गेले.

मग ती रोज दुपारी येऊ लागली. सरांच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये मोठा कागद घेतला, जुनं जंगल खाली ठेवलं आणि तिनं त्यावर सगळं पुन्हा रंगवलं, कॉम्प्युटरला जोडलेल्या माझ्या पेननं. पहिले दोन दिवस पेनला शिव्या दिल्या. हात इकडे आणि रंग तिकडे स्क्रीनवर, याला काय अर्थ आहे म्हणायची. नंतर हात बसला. झाडं आधीपेक्षा बरी आली. एकदा रंगवता रंगवता तिनं सांगितलं की मंडईला माहेराहून, आंबागडहून सगळे येणार आहेत, आई, भाऊ, वहिनी. त्यांना तिनं सांगून ठेवलं होतं की पडदा आपण काढला आहे आणि त्यावर आपलं नाव असणार आहे. तिकडे तिच्या चित्रांचा विषय म्हणजे 'पोरगी दिवसभर मोबाइल घासते' एवढाच होता. तिच्या भावानं तर फोनवर म्हटलं होतं, नाव दिसलं तर मानतो. हे तिनं हसत सांगितलं, पण पेन थांबलं होतं.

चित्र तयार झाल्यावर मंडळाचे अध्यक्ष दोन सदस्यांना घेऊन पाहायला आले. गावाच्या नात्यानं आम्ही दोघी त्यांना मामाजी म्हणतो. खुर्ची ओढून ते स्क्रीनसमोर बसले. बराच वेळ पाहिलं.

"छान हाय सूनबाई. आमचे फोटो कुठी हायेत?"

मी म्हटलं, मामाजी, हे जंगल आहे.

"हो ना. जंगल कोणाचं हाय? मंडळाचं ना?"

दोष त्यांचा नव्हता, गेली कित्येक वर्षं मीच या तालुक्याला ही सवय लावली आहे. माझ्या दुकानातून चेहऱ्यांशिवाय गेलेला फ्लेक्स मला आठवत नाही. कार्यकारिणीचे अकरा सदस्य, अकरा गोल, प्रत्येकात हात जोडलेला माणूस. मी सुचवलं की खाली पट्टी देते, तीत घालू. ते अध्यक्षांना अजिबात पटलं नाही. खाली नाचणारीचे पाय येणार, माणसाचं तोंड पायाशी ठेवायचं का? गोष्ट खरी होती. आमच्याकडे कोणाचंही तोंड किंवा नाव पायाशी चालत नाही. मग आकाशच उरलं.

जाऊचं नावही तसंच. मी म्हटलं, चित्रकार खालच्या कोपऱ्यात सही करतात, तिथं घालू. ती म्हणाली, "त्या खलनायकाच्या बुटाखाली माझं नाव? आई पाहून राहिली असन तं?" तेव्हा तेही वर गेलं. दुकानाचं नाव मात्र नेहमीप्रमाणे खाली कोपऱ्यात, मोबाइल नंबरासह. दुकानदाराला पायाची लाज नसते.

अकरा चेहरे आकाशात लावल्यावर मी चित्राकडे पाहिलं. उतरतीचं ऊन, सागाचे शेंडे आणि त्यावर हात जोडलेले अकरा जण, जणू जंगलालाच मत मागत होते. मला ते पाहवलं नाही. मी भावुक बाई नाही, पण चांगलं काम बिघडवणं मला कठीण जातं. आणि तेवढ्यात मला झालर आठवली.

स्टेजवाला पडद्यांपुढे वरच्या बाजूला लाल मखमलीची झालर लावतो. दिवे, माइक, दोऱ्या, वायर सगळं तिच्यामागे लपतं. मी त्याला फोन करून विचारलं की झालर किती खाली येते. त्यानं सांगितलं. मग मी चेहरे आणि मजकूर असलेला लेयर धरला आणि अलगद वर सरकवला, झालरीच्या पट्ट्यात. स्क्रीनवर सगळं दिसत होतं. अध्यक्षांनी मोबाइलवर पाहून अंगठा पाठवला. पडदा मी चकाकत्या फ्लेक्सवर न छापता कापडावर छापून घेतला, दिवा पडला तर चमकू नये म्हणून. माझ्या हिशेबानं सगळ्यांचं भलं झालं होतं.

मंडईच्या दिवशी दुकान बंद ठेवून आम्ही गावी गेलो. जाऊच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तिची आई चुलीपाशी वडे तळायला बसली होती, लेकीच्या घरी पाहुणी म्हणून आलेली बाई दोन मिनिटंही पाहुणी राहिली नाही. भाऊ ओसरीवर बसून सगळ्यांना विचारत होता, पडदा कधी लागणार म्हणून.

दिवे लागल्यावर स्टेजवाल्यानं पडदा बांबूला बांधून वर ओढला आणि झालर सोडली. मी मैदानाच्या मधोमध उभी होते. चेहरे गेले. नुसतं जंगल राहिलं, आणि त्या दिव्यांत ते असं खोल दिसलं की स्टेजवरून पुढे चालत जावंसं वाटावं. सरही आले होते. मी मनात माझीच पाठ थोपटत होते.

शेजारी येऊन जाऊ उभी राहिली. तिनं पदर सावरला आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, माझं नाव कुठी हाय?"

मला पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही. आणि मग कळला. डिझाइन करणाऱ्या माणसासाठी चेहरे, हुद्दे, नावं हा सगळा एकच गठ्ठा असतो. तो मी उचलून वर ठेवला होता आणि त्यात तिचं नावही होतं.

"झालरीच्या मागं गेलं," मी म्हटलं.

"तुमचं तं दिसून राहिलं."

तिनं बोट दाखवलं नाही, नुसती मान वळवली. खालच्या कोपऱ्यात, दिव्याच्या अगदी समोर, आमच्या दुकानाचं नाव आणि माझ्या नवऱ्याचा नंबर लखलखत होता. अख्ख्या पडद्यावर वाचता येण्यासारखं तेवढंच होतं.

याच वेळी मागून अध्यक्ष आले. नवं जाकीट, कपाळाला गुलाल. "सूनबाई, आमी कुठी गेलो?"

मी त्यांना दिव्यांचं कारण सांगू लागले. त्यांनी ऐकून घेतलं नाही, ते थेट स्टेजवाल्याकडे गेले. तो शिडीवर चढून वायर जोडत होता. तो म्हणाला की झालर हातभर वर बांधता येईल, पण मग दिवे आणि दोऱ्या दिसतील. त्याला काही फरक पडत नव्हता, गाव आमचं आणि पडदाही आमचा. अध्यक्षांनी मग माझ्याकडे पाहिलं. पडदा माझ्या दुकानाचा, म्हणून निर्णय माझा, असं त्यांनी का धरलं कोण जाणे. बहुधा दुकानदार बाईशी भांडायला त्यांना मैदानात बरं वाटलं नसावं.

मी जाऊला बाजूला घेतलं आणि सरळ सांगितलं. झालर आहे तशी राहिली तर चित्र राहील. वर बांधली तर तुझं नाव दिसेल, पण ते अकराही दिसतील आणि मग हे चित्र राहणार नाही, फ्लेक्स होईल. आपण वर्षभर काय करतोय? चित्रात जे नको ते काढतोय. मामाजींना मी सांभाळते, दोन दिवस फुगतील. मी चांगलं बोलले असं मला वाटलं.

तिनं स्टेजकडे पाहिलं, मग मैदानात पुढे चटई टाकून बसलेल्या आपल्या माणसांकडे. तिचा भाऊ मान उंचावून पडद्यावर काहीतरी शोधत होता.

"चित्र तं सगळ्यायले दिसून राहिलं ताई," ती म्हणाली, "पण दिसून राहिलं ते तुमच्या दुकानाचं. माझी आई घरी जाऊन सांगन, जावेच्या दुकानातून लय छान पडदा आणला म्हणून. मंग मी काय केलं? वडे?"

मी म्हटलं, पण तो आकाशाचा भाग, ते ऊन...

"आकाश मी आणखी काढन. उचला म्हणा झालर."

झालर वर गेली. अध्यक्ष आले, उपाध्यक्ष आले, सचिव, सहसचिव, ओळीनं सगळे हात जोडून उगवले. कोषाध्यक्षाच्या बाजूला जाऊचं नाव होतं, पुढे 'चित्र' असं लिहून. वर दोऱ्या लोंबत होत्या. सरांनी डोळे मिटले.

मापासाठी लावलेलं जंगल गुंडाळलं आणि नाटक सुरू झालं. पहिल्या अंकाच्या शेवटी नायिकेला घराबाहेर काढतात आणि ती जंगलात येते, तसा आमचा पडदा आला. बाहेरून आलेली नटी कसलेली होती. तिनं केस सोडले, स्टेजच्या मधोमध गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हात पसरून आर्त आवाजात विचारलं, या एवढ्या मोठ्या जंगलात माझं कोणीच नाही का?

मैदानातून आवाज आला, "वरतं पाह्य ना बाई, अकरा जण हायेत."

जे हसू उठलं ते थांबेचना. नटीनं मान वर करून पाहिलं. क्षणभर तीही अडखळली. मग तिनं उठून त्या अकरा चेहऱ्यांना रीतसर हात जोडले, वळली आणि जिथं सोडलं होतं तिथून रडायला सुरुवात केली. टाळ्या पडल्या. अध्यक्ष पहिल्या रांगेत होते. त्यांनी तो नमस्कार मनापासून स्वीकारला आणि शेजाऱ्याला सांगितलं की असा मान आजवर कोणत्या मंडळाला मिळाला नसेल.

मी जाऊकडे पाहिलं. मला वाटलं होतं तिला लागेल. तिचं लक्ष नव्हतंच. ती आईला नाव दाखवत होती. "त्या टकल्याच्या बाजूले. दिसलं का?" आईनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. भावानं मोठ्यानं वाचून दाखवलं, आडनावासकट. आई पुन्हा बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "लयच बारीक लिवलं."

अक्षराचं माप माझं होतं. मी शेंगदाणे सोलत राहिले.

पुढच्या आठवड्यात सानगडीकडच्या एका गावच्या मंडळाचे लोक दुकानात आले. त्यांची मंडई व्हायची होती. त्यांना तेच जंगल पाहिजे होतं, चेहरे फक्त त्यांचे. मी जाऊला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, चहा न घेता पेन हातात घेतलं आणि फाइल उघडायला सांगितली. उजवीकडच्या मोहाच्या बुंध्यावर, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, तिनं सालीच्या रंगात आपलं नाव रंगवायला घेतलं. वेगळ्या लेयरवर नाही, झाडाच्याच लेयरवर. झालर कितीही खाली आली तरी पोहोचणार नाही आणि पायही लागणार नाही अशा जागी. अक्षरं चांगली मोठी.

मी म्हटलं, अगं, झाडाच्या बुंध्यावर नाव कोरायला हे काय किल्ल्याची भिंत आहे का? जंगलात असं कोणी लिहितं का?

"आमच्या आंबागडच्या किल्ल्यावर लोक कोळशानं लिवतात," ती म्हणाली, "मी तं ब्रशनं लिवून राहिलो."

सरांनी पुढे वाकून पाहिलं आणि नावामुळे बुंध्याला गोलाई आली असं मत दिलं. मला तसं काही दिसलं नाही. पण लेयर एकच होता, मला त्यातलं काही सरकवता येत नव्हतं. मी त्या मंडळाचे चेहरे आकाशात लावले, मोजून घेतले आणि फाइल छपाईला पाठवली.